साठ मैलांचा रस्ता

धुंधुरमासातली भाकरी उन्हं वर यायच्या आत खायची असते. आमच्या पुण्याच्या बिल्डिंगीत हे आता कुणाला पटत नाही. सून म्हणते, आई, दहा वाजता खाल्ली तरी भाकरीच ना ती. भाकरीच, पण ती नव्हे. बोटं गारठलेली असताना तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, शेजारी मुगाची खिचडी, हे पहाटेच पोटात गेलं पाहिजे. नाही तर तो नुसता नाश्ता. म्हणून मी हट्टाने उठते, करते आणि एकटी बसून खाते. आणि दर वर्षी पहिल्याच घासाला मला मिऱ्यांची चव लागते. बाजरीत मिरी नसते हे मलाही कळतं. ती चव असते कुंभकोणमच्या देवळातल्या गरम पोंगलची, म्हणजे तिकडच्या मिरी घातलेल्या मुगाच्या खिचडीची, आणि तिच्या मागोमाग हटकून येतो तो पेट्रोलचा वास. तिकडे या महिन्याला मार्गळी म्हणतात. मी तिथे कितीतरी मार्गळी काढल्या, पण आठवते ती एकच, आमच्या परसात इंजिन बदललं ती.

मी साताऱ्याची. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा लग्न होऊन कुंभकोणमला गेले. सासरचे पूर्वज तंजावरच्या दरबारात कामाला होते. दरबार गेला, कामं गेली, उरलं ते आडनाव आणि दोनअडीचशे वर्षांपूर्वी बरोबर नेलेली मराठी. घराबाहेर सगळे तमिळ, उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की मराठी. ‘मी जेवलों’ ठीक आहे, पण ही माणसं ‘मी पत्र लिहिलों’, ‘मी चूक केलों’ असंही म्हणत. पहिल्या आठवड्यात मी तोंडाला पदर लावून हसत होते. नंतर कळलं, माझं बोलणं ऐकून सासूबाईंना वाटे की ही मुलगी सदा भांडतेच आहे. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, एवढा त्यांचा चांगुलपणा.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, गणिताचे मास्तर. लोक निवृत्त झाले की काशीला जातात. मामंजी डोंगरातल्या एका चहाच्या मळ्यावर गेले आणि परतले ते मोटार घेऊन. मळ्याचा साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याची ती गाडी. दोनच माणसांची, बाटलीसारखी हिरवी, नाक लांबलचक, छप्पर मागे उतरत गेलेलं. उभी असली तरी धावतेय असं वाटावं. गावात तिचं नाव पडलं दोरैवंडी, साहेबाची गाडी. पण बडा घर पोकळ वासा. वीस वर्षांचं म्हातारं इंजिन पस्तिसाच्या वर गेलं की अंगात आल्यासारखी सगळी गाडी थरथरायची, आणि कावेरीच्या पुलाच्या चढावर तर बैलगाडीवाले मागे वळून आमच्याकडे कीव करून बघायचे.

ती चालवायला मामंजींनी मलाही शिकवलं. आमच्या ह्यांना कोर्टाच्या कागदांपलीकडे कशात रस नव्हता आणि सासूबाई गाडीकडे पाठ करून बसत. उरले मी. साताऱ्याच्या मुलीला लगाम धरता आलाच पाहिजे, असा मामंजींचा काहीतरी समज होता. त्यांची शिकवायची रीत वर्गातली. सांगायचं काहीच नाही, विचारायचं. क्लच एकदम सोडला तर काय होईल? मी सोडे, गाडी टुणकन उडी मारून बंद पडे, आणि ते समाधानाने मान हलवत. गाडी शिकायला मला दोन महिने लागले, पण शिकले ती कायमची. आजही मुलगा गिअर टाकताना कचका मारतो तेव्हा माझ्या कपाळावर आठी पडते.

नवं इंजिन आलं ते मार्गळीच्या तोंडावर. लढाई संपल्यावर मिलिटरीने लिलावात काढलेल्या मालातलं, जीपचं इंजिन. नटेशन नावाचा एक मेकॅनिक, जो दिवसा बसगाड्या दुरुस्त करायचा आणि सुगीत भाताच्या गिरण्या, त्याने ते तिरुचीहून लॉरीत घालून आणलं. परसातल्या कडुनिंबाखाली ते उतरवलं, तेव्हा चार माणसांना घाम फुटला. मी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा आमच्या नाजूक हिरव्या गाडीकडे, आणि मनात म्हटलं, नाकापेक्षा मोती जड. ह्यांनी विचारलं, अप्पा, या वयात हे कशाला? मामंजी म्हणाले, तुझ्या वयांत तूं करत नाहींस म्हणून. ह्यांनी गुपचूप कोर्टाचा रस्ता धरला.

मार्गळीत तिकडे दारोदार पहाटे रांगोळी घालतात, ती कोलम. तांदळाच्या पिठाचे ठिपके मोजून टाकायचे आणि एका रेषेने सगळ्यांना वेढे घालत यायचं. मधे शेणाचा गोळा, त्यात भोपळ्याचं पिवळं फूल. ठिपक्यांचं गणित मला मामंजींनीच शिकवलं होतं. सासूबाईंना ते हातात यायचं, मला कागदावर काढावं लागे. त्या महिन्यात एके पहाटे मी एकवीस ठिपक्यांचं मोठं कोलम पुरं केलं. धुकं होतं, दूरवर भजनाची टाळी वाजत होती. मामंजी देवळातून केळीच्या पानात पोंगल घेऊन आले, आणि सरळ माझ्या कोलमवरून चालत आत गेले. फूल पायाखाली आलं. ज्या माणसाने पोरांच्या पाटीवरचं चुकलेलं गणितसुद्धा विचारल्याशिवाय पुसलं नाही, तो माणूस.

मी त्यांच्यामागे आत गेले. रागवायलाच गेले होते. पण त्यांच्या धोतराच्या काठाला पिवळ्या पाकळ्या चिकटल्या होत्या आणि त्यांना ते ठाऊकच नव्हतं. मी विचारलं. त्यांनी आधी इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या, मग सांगितलं. डोळ्यांत काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं आणि पायाजवळचं गेलं आहे. बारीक अक्षर तर केव्हाच. डॉक्टर म्हणतात, गेलं ते परत येणार नाही, आणि उरलेलं किती दिवस पुरेल ते सांगता येत नाही. घरात कुणाला माहीत नव्हतं. मग मला वाटलं तेच मी बोलले, की असं असताना गाडीला मोठं इंजिन हवं कशाला.

“मला कांहीं शर्यत जिंकावयाची नाहीं, मुली,” ते म्हणाले. “चाळीस वर्षें मी पोरांना वेग शिकवलों. ताशीं साठ मैल, ताशीं साठ मैल. मी कधीं गेलों नाहीं साठांत. तेव्हां रस्ता कसा दिसतो तें एकदां पाहावें म्हणून आहे. डोळे आहेत तोंवर.”

पोंगल निवत चालला होता. त्यातलं एक मिरं माझ्या दाताखाली आलं आणि डोळ्यांत पाणी आलं, ते मी मिऱ्याच्या नावावर खपवलं. कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं. त्या दिवसापासून ते इंजिन माझंही झालं.

मग पहाटेचा एक क्रमच ठरून गेला. नटेशन बसच्या शेडवर जाण्याआधी आमच्याकडे यायचा, कानाला मफलर बांधून. मी कोलम घालून परसात जायची, तोवर कडुनिंबाच्या फांदीला साखळी लावून त्याने जुनं इंजिन उचललेलं असे, किंवा नव्याचे पाय बसवण्यासाठी चौकटीला भोकं पाडलेली असत. माहितीचं पुस्तक इंग्रजीत होतं, ते मी वाचून दाखवी, मामंजी तमिळमध्ये समजावत, आणि नटेशन सगळं ऐकून घेऊन आपल्या मनासारखंच करी. जड इंजिनाने गाडीचं नाक खाली जाईल म्हणून पुढच्या स्प्रिंगांना एकेक पाटा वाढवला. तरी इंजिन चार बोटं उंच, बॉनेट बसेना. कुंभकोणमात भांडी घडवणाऱ्यांची आळीच्या आळी आहे. तिथला एक कारागीर आला, त्याने बॉनेटला भोक पाडलं आणि त्यावर पितळेचा एक सुरेख फुगवटा ठोकून बसवला. हिरव्या गाडीच्या कपाळावर पितळ. सासूबाई म्हणाल्या, आतां हिला दोन कान लावा आणि चुलीवर चढवा.

खरी अडचण राहिली ती जोडाची. नवं इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांची तोंडं एकमेकांना जुळेनात. मधे धातूची एक जाड चकती हवी होती, दोन्हीकडची भोकं तंतोतंत धरणारी. नटेशन म्हणाला, तिरुचीला लेथवर करून आणतो. मामंजी म्हणाले, स्वामीमलै तीन कोसांवर असताना तिरुचीला कोण जातो. स्वामीमलैत मूर्ती ओतणारे स्थपती राहतात. मेणाचा देव करायचा, त्यावर कावेरीच्या गाळाची माती थापायची, भाजून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, हे त्यांचं शेकडो वर्षांचं काम. त्यातले एक वृद्ध स्थपती मामंजींच्या ओळखीचे होते. ते आले, इंजिनाला दोनदा प्रदक्षिणा घातली आणि खांद्यावरच्या पिशवीतून नारळाची एक ताजी हिरवी पात काढली. त्यांचं माप ते. पात लांबीला लावायची, मग दुमडायची, निम्मं, पाव, तिसरा हिस्सा. प्रत्येक दुमडीवर नखाने खूण. आकडा नाही, पट्टी नाही. नटेशनने आपली पोलादी पट्टी पुढे केली. मामंजींनी ती हाताने बाजूला सारली आणि पातीच्या घड्यांवरून बोट फिरवत राहिले. पातीचं गणित किती निर्मळ आहे यावर त्यांनी आम्हाला मोठं प्रवचन दिलं.

माप झालं, पण कामाला सुरुवात व्हायची नव्हती. मार्गळी देवाच्या भजनाला उत्तम, नव्या कामाला वाईट. स्थपतींना विचारलं असतं तर कदाचित त्यांनी चालवून घेतलं असतं, मूर्ती थोडीच होती ती. सासूबाईंनी चालवून घेतलं नाही. त्या म्हणाल्या, देव नव्हे तरी घरांतलें कार्य, तै लागूं दे. तै पहिली म्हणजे आपली संक्रांत. स्थपतींनी मान डोलावली, आणि ती पात हरवू नये म्हणून सासूबाईंनी ती घरातल्या सगळ्यांत सुरक्षित जागी ठेवली, चुलीच्या वर, शिंक्याशेजारी.

तै उजाडली. पोंगल उतू गेला, ऊस मोडला, सगळीकडे भाताची कापणी सुरू झाली. पात स्वामीमलैला गेली आणि दहा-बारा दिवसांनी चकती आली. एवढी देखणी वस्तू मी यंत्रात कधी पाहिली नाही. नटेशनने ती इंजिनाला लावली. पहिला बोल्ट बसला. दुसरा अडला. तिसरा तर भोकाच्या काठावरच उभा. त्याने चकती काढली, पुसली, पुन्हा लावली आणि विडी ओढायला गेला.

निरोप गेल्यावर स्थपती सायकलवरून आले. त्यांनी पहिला प्रश्न केला तो पातीचा. ती त्यांच्याच पिशवीत होती, वाळून पिवळी पडलेली. त्यांनी आमच्या माडाची ताजी पात कापली, इंजिनाला लावून दुमडली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. जुनी पात दीड जव आखूड. तै लागेपर्यंत चुलीच्या वर शेकून आकसली होती. स्थपती तिथेच मातीत बसले आणि गदगदून हसायला लागले. देवाची पात सकाळी कापायची आणि सांजेच्या आत मेण करायचं, त्यांच्या सात पिढ्यांत कुणी पातीला मुहूर्तासाठी थांबवलं नव्हतं, असं ते म्हणाले. शिवाय देव जवभर लहान झाला तरी कुणाला कळत नाही, त्याला कशात बसवायचं नसतं. सगळे सासूबाईंकडे बघायला लागले. सासूबाई चुलीकडे बघायला लागल्या.

मामंजी मला बाजूला घेऊन गेले. चूक तिची नव्हे, ते म्हणाले. नटेशन पट्टी देत होता. आकडे लिहून ठेवले असते तर पात वाळली काय नि राहिली काय. “पट्टीवरच्या रेघा मला दिसत नाहींत. तें कळूं नये म्हणून मी पात धरलों. गणिताचा मास्तर, आणि आकडा लपवलों.” मला त्यांचा राग यायला हवा होता. माया आली, आणि स्वतःचाच राग आला, की एवढं माहीत असून ते माझ्या लक्षात कसं आलं नाही. मी सरळ परसात गेले, नटेशनच्या हातातून पोलादी पट्टी घेतली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने एकेक माप वाचायला लागले. मामंजी डोळे मिटून ऐकत होते. धातू निवताना किती आकसेल तो हिशेब ते मनातल्या मनात करून सांगत आणि स्थपती त्याप्रमाणे ताजी पात दुमडत. अर्ध्या तासात काम झालं. सासूबाई मागच्या दारात उभ्या होत्या. सुनेने वाचावं आणि नवऱ्याने डोळे मिटून ऐकावं, हे त्या बराच वेळ पाहत राहिल्या, आणि मी दिलेल्या वचनाला काही अर्थ उरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चिंच घेऊन परसात गेल्या आणि बॉनेटवरचा पितळी फुगवटा लख्ख घासून आल्या.

दुसरी चकती बसली. सगळे बोल्ट बोटांनी आत गेले. इंजिन सुरू झालं तेव्हा कडुनिंबावरचे सगळे कावळे उडाले आणि शेजारच्या घरातून कुणीतरी लॉरी आली का म्हणून विचारायला आलं. मामंजींनी त्या पितळेवर हात ठेवला आणि लहान मुलाच्या छातीवर ठेवावा तसा बराच वेळ ठेवूनच उभे राहिले.

पण साठ मैल जायचे कुठे? तै महिना म्हणजे कापणी, आणि कापणी म्हणजे तंजावरचा रस्ता भाताने झाकलेला. पेंढ्या रस्त्यावर पसरून ठेवायच्या, गाड्यांची चाकं जाऊन आयती मळणी होते. तिरुवलंचुळी गावापासून पुढच्या सुंदरपेरुमाळ कोयिलपर्यंतचा सरळ पट्टा, जो मामंजींनी मनात धरला होता, तो पिवळाधमक. रोज सकाळी ते मला विचारत, रस्ता उघडला का? रोज मी नाही म्हणे. सुगीचं वर्ष चांगलं होतं, पीक संपता संपेना. एरवी ज्याचा आनंद मानायचा, त्या पिकाचा मी त्या महिन्यात मनोमन राग राग केला. मामंजी आता पेल्याकडे हात नेताना आधी तो चाचपून पाहत.

तै संपून मासी महिना लागला, रस्ता साफ झाला, आणि एका सकाळी आम्ही दोघं निघालो. सासूबाईंनी चाकांखाली लिंबं ठेवली. मामंजी स्टिअरिंगवर, मी डावीकडे. गावाबाहेर पडेपर्यंत मी सांगत होते, डावीकडे सायकल, पुढे म्हैस. पुलाचा चढ गाडीने असा घेतला की बैलगाडीवाल्यांची तोंडं बघायला मी मागे वळले. तिरुवलंचुळी मागे पडलं. तीस, पस्तीस, चाळीस; थरथर नाही, काही नाही. आणि डावीकडच्या बांधावरून एक बैलगाडी रस्त्यावर चढली. मला ती दिसली, त्यांना नाही. मी ओरडले. ब्रेक लागले, गाडी आडवी होऊन थांबली. बैलांना काही झालं नाही, गाडीवान आम्हाला दोन शब्द ऐकवून निघून गेला.

मामंजींनी हँडब्रेक ओढला. मग उतरले. बॉनेटवर हात ठेवत पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले, दार उघडलं आणि म्हणाले, “पलीकडे सर, मुली. तूं चालव.”

मला नको होतं. ती त्यांची गाडी, त्यांचा वेग, त्यांची चाळीस वर्षं. पण त्यांचा तो आवाज वर्गातला होता, आणि त्याला नाही म्हणता येत नसे. मी सरकले. त्यांनी दार लावून घेतलं. मी गिअर टाकला, न कचकवता. चाळीस, पन्नास. साडीचा पदर खिडकीतून बाहेर फडफडत होता, तो आत घ्यायचं भान मला नव्हतं. बावन्नाला मला भीती वाटली, आणि त्यांना खूश करून गाडी हळू करावी म्हणून मी खोटं बोलले. म्हटलं, झाले साठ.

“नाहीं झाले,” ते म्हणाले. “आवाज अजून चढतो आहे. मास्तराला फसवूं नको.”

मी पाय दाबला. पंचावन्न. अठ्ठावन्न. काटा साठावर आला, आणि मी काही बोलायच्या आतच त्यांनी मान हलवली. ते समोर बघत होते, पण मला दिसलं, डोळ्यांत वारा जाऊन पाणी वाहत होतं आणि त्या डोळ्यांना आता काहीच धरता येत नव्हतं. एवढं सगळं केलं, पात वाळली, चकती दोनदा ओतली, पीक निघायची वाट पाहिली, आणि रस्ता दिसला तो मला.

“सांग,” ते म्हणाले. “कसा दिसतो?”

मग मी सांगायला लागले. चिंचेची झाडं दोन्हीकडून धावत येतात, म्हटलं. लांबवर ती एकमेकांना मिळालेली दिसतात, वाटतं आता आपण त्यांच्यावर आदळणार, पण आपण पोचायच्या आत ती बाजूला होतात आणि आपल्याला वाट देतात. जवळची शेतं पुसट, लांबची स्थिर. रस्त्याकडेचे पांढरे दगड एकापाठोपाठ एक, मोजता येत नाहीत. एक बगळा उडाला, तो आपल्याबरोबर आला, आणि मागे राहिला. आकाश हलत नाही. सगळं जग पळतं आणि मधला रस्ता मात्र एका जागी थांबून राहतो, मामंजी, अगदी समोर, काळा आणि सरळ. मी इतकं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ते ऐकत होते, तोंड थोडं उघडं, वर्गात नवं काही कळलेल्या मुलाचं असतं तसं.

पुढे सुंदरपेरुमाळ कोयिलची घरं दिसायला लागली तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“पुरे,” ते म्हणाले. “पाहिलों मी.”